गेमिंग पीसी: स्वतः जोडायचा की आयता आणायचा?

प्रश्न (देवगड): सर, डिप्लोमाला आहे. आंब्याच्या सीझनला पॅकिंगचं काम केलं त्याचे आणि घरचे मिळून ८० हजार जमलेत. व्हॅलोरंट, सीएस २, जीटीए ५ खेळायचंय, जमलं तर ब्लेंडर (३डी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) शिकायचंय. मित्र म्हणतो पार्ट मागवून स्वतः जोड. डोंबिवलीचे काका म्हणतात मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारातनं, लॅमिंग्टन रोडवरनं तयारच करून घेतो आणि गणपतीला येताना आणतो. काय करू?

उत्तर: स्वतः जोड. पैसे वाचतील म्हणून नाही हां. ते गणित आता पहिल्यासारखं राहिलं नाही, २०२५ च्या शेवटी शेवटी एआयवाल्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव असे चढले की कधीकधी जुन्या स्टॉकमधला रेडिमेड पीसी सुट्या पार्टांच्या बेरजेपेक्षा स्वस्त निघतो.

मी जोड म्हणतोय ते बिघाडाचा विचार करून. कंपनीच्या रेडिमेड डेस्कटॉपला सहसा १ वर्षाची वॉरंटी, त्यात "ऑनसाइट" लिहिलेलं असलं तरी तुझ्या पिनकोडला माणूस येतो का हे आधी विचारायचं, नाहीतर उत्तर येतं "कॅबिनेट पाठवून द्या". आता सात-आठ किलोचा काचेचा डबा कुरियरने कसा पाठवणार? सुट्या पार्टांचं तसं नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड यांना बहुतेक वेळा ३ वर्षं, चांगल्या एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) ५ किंवा त्याहून जास्त, आणि जे गेलं तेवढंच त्याच्या खोक्यात घालून पाठवायचं. म्हणून खोकी माळ्यावर ठेव, आई रद्दीत घालायला निघाली तर हातापाया पड. बिलावर प्रत्येक पार्टाचा सिरीयल नंबर पाहिजे म्हणजे पाहिजे. आणि स्वतः जोडलेला असला की एक रॅम काढून बघ, दुसऱ्या स्लॉटला लावून बघ, हे तुझं तुलाच सुचतं, दरवेळी कणकवली-कोल्हापूर करावं लागत नाही.

काकांचा उपयोग सोडू नकोस, त्यांना पार्ट आणायला सांग, खोक्यासकट, बिलासकट. तरीही त्यांनी तयार पीसीच आणायचा ठरवला तर एक अट घाल: ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं आणायचं. कार्ड जड असतं, मदरबोर्डच्या स्लॉटमधनं आडवं बाहेर आलेलं असतं, आणि मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासनं चाललंय ते तुला ठाऊकच आहे. रात्रभर ट्रॅव्हल्सच्या डिकीत हादरे खाऊन स्लॉटच निखळायचा. काढताना मागचे स्क्रू सोडव, मग स्लॉटच्या टोकाला छोटी प्लास्टिकची खिट्टी असते ती दाबूनच कार्ड वर ओढ. ती न दाबता ओढणारे लोक खूप आहेत.

८० हजारात मॉनिटर धरलायस का ते लिहिलं नाहीस. धरला असशील तर हात आखडता घ्यावा लागेल, पण ग्राफिक्स कार्डाला एकूण रकमेचा तिसरा हिस्सा तरी ठेव. प्लॅटफॉर्म एएम५ घे (एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचं सॉकेट), एएमडीने त्याला २०२७ पर्यंत तरी सपोर्ट देऊ असं जाहीर केलंय, म्हणजे पुढे मदरबोर्ड न बदलता प्रोसेसर वाढवता येईल. रॅम १६ची एक पट्टी नको, ८-८ च्या दोन घे, ड्युअल चॅनलमुळे (दोन्ही पट्ट्या एकदम वापरल्या जातात) गेममध्ये फरक दिसतो. जोडून झाल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) एक्सपो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग, चालू कर, नाहीतर महागडी रॅम कमी स्पीडवरच चालत राहते. आणि मॉनिटरची केबल कार्डाला लाव रे बाबा, मदरबोर्डला नाही.

प्रश्न (चिपळूण): मुलाला ऑनलाइन ३० हजारात गेमिंग पीसी दिसलाय. आय ७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, वर रंगीत लाइट. आमच्या इथला दुकानदार ५५ हजारात आय ३ चा जोडून देतो म्हणतो. आय ३ पेक्षा आय ७ मोठा ना? मग दुकानदार लुटतोय का?

उत्तर: ताई, दुकानदार बहुतेक बरोबर सांगतोय. आय ७ च्या पुढचा नंबर विचारा. ३७७० निघाला तर तो प्रोसेसर २०१२ चा आहे, त्यापेक्षा आजचा आय ३ सरळसरळ वेगवान. ४ जीबी ग्राफिक्स म्हणजे अशा जाहिरातींत पुष्कळदा जीटी ७३० असतं, २०१४ चं कार्ड, त्यावर नवे गेम धड चालतच नाहीत, मेमरी ४ जीबी असो की कितीही. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची ८वी किंवा पुढची पिढी लागते, ३७७० त्याच्या कितीतरी आधीचा, आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. विकणारे काहीतरी जुगाड करून ११ टाकून देतात, घरी आणल्यावर मुलगा व्हॅलोरंट उघडतो आणि गेम टीपीएम २.० (इतक्या जुन्या पीसीत नसलेली सुरक्षेची सोय) मागतो. मग रडारड.

दुकानदाराकडनं मात्र कच्च्या बिलावर "गेमिंग पीसी सेट" एवढंच लिहून घेऊ नका, एसएमपीएसची कंपनी आणि मॉडेलसुद्धा लिहायला लावा. पैसे वाचवायची सगळ्यांची आवडती जागा तीच. चिपळुणात राहता म्हणजे जुलै २०२१ चा पूर मी सांगायला नको, तळमजल्यावर असाल तर कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका.

प्रश्न (वेंगुर्ला): घर समुद्राला लागून. मागचा रेडिमेड पीसी दोन पावसाळ्यात गंजला, यूएसबीचे पोर्ट हिरवे पडले. लाइट तर जात-येतच असते. आता नवीन जोडतोय, काय काळजी घेऊ?

उत्तर: खारी हवा कोणाला चुकलीय. पश्चिमेच्या खिडकीखाली पीसी नको, आणि पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा, आतनं कोमट राहिला की ओल धरत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे प्लास्टिक घालून चार महिने बंद ठेवणं. गंज दिसला की वॉरंटी बहुतेक कंपन्या नाकारतात, म्हणून हे आधीच सांगतो. कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या नीट बसवा, तिथनं पाल शिरते, उबेला जाऊन बसते, मग बोर्डावर शॉर्ट होऊन पाल पण जाते आणि बोर्ड पण.

लाइटसाठी यूपीएस घ्या पण खोक्यावरचा व्हीएचा आकडा बघून भुलू नका, खरी ताकद वॅटमध्ये बघायची. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, गेम चालू असताना पीसी आणि मॉनिटर मिळून तिथवर सहज पोचतात. १००० ते ११०० व्हीएचा घ्या, आणि तोही सेव्ह करून बंद करण्यापुरता, लाइट गेल्यावर मॅच पूर्ण करायला नाही! घरच्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पीसी लावू नका.

आणि अर्थिंग तपासा. जांभ्यात पुरलेलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये कोरडं ठक्क पडतं, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तेच. वायरमनला न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या वर असलं तर खड्डा नव्याने करून घ्या. मेच्या शेवटी गडगडायला लागलं की प्लग काढाच, सोबत इंटरनेटची तांब्याची लॅन केबल पण काढा, प्लग काढूनही त्या वायरीतनं बोर्ड उडालेले पाहिलेत.

प्रश्न (दापोली): स्वतः जोडल्याने वॉरंटी जाते का?

उत्तर: नाही. पार्टाची वॉरंटी पार्टासोबत. फक्त मदरबोर्डच्या सॉकेटमधल्या पिना वाकवू नका, त्या वाकल्या की दुकानदार फोनसुद्धा उचलत नाही.