खातं बंद करायच्या आधी पासबुकातल्या या सहा नोंदी बघू या, ताई

इचलकरंजीहून एका ताईंचं पत्र आलंय. वय ५७, यजमान सूतगिरणीतून रिटायर झाले, त्यांचे पीएफ-ग्रॅच्युइटीचे मिळून ७ लाख ८० हजार ताईंच्या बचत खात्यात, राष्ट्रीयीकृत बँकेत. १९ तारखेला, गुरुवारी, आठ महिन्यांनी पासबुक छापून आणलं तर ४३६, २०, १७.७०, २३६ असे पैसे गेलेले, दर महिन्याला २९९ असे सात वेळा, आणि १० तारखेला एकदम १०,०००. काउंटरवर विचारलं तर "सेंटरवाल्याला विचारा" एवढंच उत्तर मिळालं. आता दीर म्हणतायत खातं बंद करा, सगळे पैसे पतसंस्थेत टाका, साडेदहा टक्के देतात आणि एजंट घरी येतो. ताई विचारतात, करू का?

ताई, नका करू. निदान आत्ता तरी नका करू, आणि पतसंस्थेत तर सगळे नकाच टाकू. पहिला भाग तुम्हाला फोनवर सांगितलाच आहे कारण तो थांबण्यासारखा नव्हता, आता सगळं नीट लिहिते म्हणजे यजमानांना आणि दिरांनाही वाचून दाखवता येईल.

तुम्ही सगळ्या नोंदी एकाच रागात धरल्यात, ते साहजिक आहे, पण त्या एक जातीच्या नाहीत. कुठले पैसे बँकेने लावलेत, कुठल्याला नकळत का होईना आपण हो म्हटलंय आणि कुठले खरंच कुणीतरी काढून नेलेत हे वेगळं केल्याशिवाय भांडायचं कुणाशी तेच कळत नाही.

बँकेच्या चार्जेसची एक सोपी खूण सांगते. रक्कम विचित्र दिसली की कॅल्क्युलेटरवर तिला १.१८ ने भागा. २३६ ला भागलं की बरोबर २०० येतात, १७.७० ला भागलं की १५. म्हणजे चार्ज २०० आणि १५, वर १८ टक्के जीएसटी. असा गोल आकडा आला की नव्वद टक्के वेळा तो बँकेचाच चार्ज असतो. २३६ तुमच्या एटीएम कार्डाची वर्षाची फी आहे, तुम्ही कार्ड वापरतच नाही असं लिहिलंय मग ते लेखी अर्ज देऊन परत करा, पुढच्या वर्षीपासून कटणार नाहीत. १७.७० तिमाहीचे एसएमएसचे आहेत, ते राहू द्या, त्या एसएमएसवर पुढे सगळं अवलंबून आहे.

२० रुपये म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना. अपघाती मृत्यूला २ लाख, वयाच्या ७० पर्यंत चालते, दरवर्षी १ जून ते ३१ मे असा हिशोब म्हणून मे संपता संपता पैसे जातात. ही चालू ठेवा, यजमानांच्या खात्यावर नसेल तर तीही काढा.

४३६ मात्र थांबून बघायला लागतील. ही प्रधानमंत्री जीवन ज्योती बीमा योजना, आयुर्विम्याची, त्यात वयाच्या ५० पर्यंतच आत येता येतं आणि ५५ ला संरक्षण संपतं. तुम्ही ५७ च्या. म्हणजे हा हप्ता तुमच्याकडून घ्यायलाच नको होता, एकतर बँकेत जन्मतारीख चुकीची पडलीय नाहीतर ऑटो डेबिट बंद करायचं राहिलंय. आधारची झेरॉक्स लावून ४३६ परत मागा, आणि ५५ पूर्ण झाल्यानंतर आणखी कुठल्या वर्षी कापलेत का तेही जुन्या पासबुकात बघा. पैशापेक्षा मला काळजी याची वाटते की घरात सगळे धरून बसतात दोन लाखाचा विमा आहे म्हणून आणि वेळ आल्यावर क्लेम बसत नाही.

आता २९९. खात्याला तुमच्या मुलाचा पुण्यातला नंबर आहे आणि यूपीआय त्याच्याच फोनवर चालतं, म्हणजे हे ऑटोपे आहे. कुठल्यातरी ॲपने एक रुपयात ट्रायल म्हटलं असणार, त्याने पिन टाकला आणि त्याच पिनने दर महिन्याची परवानगी गेली. मुलाला सांगा, यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा भाग असतो तिथे जाऊन कॅन्सल कर आणि कॅन्सल झाल्याचा स्क्रीनशॉट ठेव. नुसतं ॲप फोनमधून काढून टाकलं तर मँडेट तसंच राहतं, पैसे जातच राहतात, इथेच बहुतेक जण फसतात. नियमाप्रमाणे प्रत्येक वेळी पैसे कटायच्या २४ तास आधी सूचना यायला हवी, ती त्याच्या फोनवर आली असणार आणि शंभर मेसेजमध्ये गेली असणार. सात महिन्यांचे २,०९३ होतात. ते परत मिळतील असं मी सांगणार नाही कारण परवानगी आपल्या पिनने दिलीय, कंपनीला मेल करून शेवटच्या महिन्याचे मागून बघा, पण त्याच्यामागे फार धावू नका. आणि त्याला रागावू पण नका ताई, हे रोज पाहते मी, चांगले शिकलेले लोक यात सापडतात.

खरा विषय १०,००० चा. तुम्ही लिहिलंय की १० तारखेला लाडकी बहीणचे १,५०० काढायला कोपऱ्यावरच्या, अंगठ्यावर बँकेचे पैसे काढून देणाऱ्या सेंटरला गेला होता, त्याने अंगठा घेतला, म्हणाला लागला नाही परत लावा, मशीन पुसलं, परत लावला, मग तिसऱ्यांदा. पैसे १,५०० हातात दिले, पावती दिली नाही, म्हणाला कागद संपलाय. पासबुकात त्याच तारखेला एईपीएसच्या दोन नोंदी आहेत, एक १,५०० आणि एक १०,०००. एईपीएस म्हणजे आधार नंबर आणि अंगठ्यावर पैसे काढणं, ना ओटीपी ना पिन, आणि एका वेळी जास्तीत जास्त १०,००० च निघतात, म्हणून तो आकडा इतका नेमका आहे. मी त्या माणसाला चोर म्हणत नाही, ते तपासात ठरेल. पण "लागला नाही, परत लावा" हे वाक्य मी इतक्या तक्रारींमध्ये ऐकलंय की आता दरवेळी तेच पहिलं विचारते.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाने न केलेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात नुकसान कुणी सोसायचं त्याचं. त्यात चूक बँकेचीही नाही आणि आपलीही नाही, मधल्या यंत्रणेत कुठेतरी आहे, तर बँकेकडून व्यवहार कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं की आपली जबाबदारी शून्य. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर १०,००० पर्यंतचा भार आपल्यावर येतो, म्हणजे तुमची रक्कमच १०,००० असल्याने त्या मुदतीत कळवून हाताला काहीच लागत नाही. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणावर.

आता तुमचे दिवस मोजू. कळल्याचा दिवस धरत नाहीत. तुम्हाला गुरुवारी पासबुकातून कळलं असं धरलं तर शुक्रवार एक, शनिवार २१ तारीख म्हणजे तिसरा शनिवार, बँक चालू, दोन, सोमवार तीन. पण बँक म्हणणार की एसएमएस १० तारखेलाच मुलाच्या नंबरवर गेला, तिथून मोजलं तर १४ ला दुसरा शनिवार आणि १५ ला रविवार सोडून १९ ला सातवा दिवस संपला. म्हणून मुलाने आज रात्रीच बसून १० तारखेचे मेसेज शोधायचे. मेसेज आलेलाच नसेल तर १ ते १९ तारखेपर्यंतचे बँकेचे सगळे मेसेज दिसतील असे स्क्रीनशॉट काढा, ते अर्जाला जोडा. आला असेल तर लपवू नका, पण मग दुसरा मुद्दा पुढे करायचा, आणि तो मला जास्त बळकट वाटतो.

त्याच परिपत्रकात म्हटलंय की बँकेच्या बाजूने फसवणूक, हलगर्जी किंवा त्रुटी असेल तर आपली जबाबदारी शून्य, कळवलं असो वा नसो. सेंटरवाला म्हणजे बँकेने नेमलेला प्रतिनिधी, आणि प्रतिनिधीने जे केलं त्याची जबाबदारी नेमणाऱ्या बँकेवर असते हेही रिझर्व्ह बँकेचंच म्हणणं आहे. त्यामुळे "सेंटरवाल्याला विचारा" हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही, विचारायचं बँकेने. तो तुमच्याच बँकेचा प्रतिनिधी आहे की दुसऱ्या, हे त्याच्या बोर्डावर लिहिलेलं असतं, फोटो काढून ठेवा. आणि व्यवहार तुम्हीच केला हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे, तुमच्यावर नाही.

अर्जात फार गोष्ट सांगू नका. एवढंच लिहा: "दि. १० रोजी माझ्या खात्यातून एईपीएसद्वारे गेलेले रु. १०,००० मी काढलेले नाहीत व मला मिळालेले नाहीत. त्याच दिवशी मी फक्त रु. १,५०० काढले. या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, टर्मिनल आयडी, ठिकाण, वेळ व प्रतिनिधीचे नाव मला लेखी द्यावे आणि रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार रक्कम खात्यात जमा करावी." दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, सही आणि आवक नंबर घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. आत्तापर्यंत तुम्ही जे बोललात ते तोंडी, बँकेच्या दृष्टीने ते झालंच नाही. त्यासोबत १९३० ला फोन करून सायबर तक्रार नोंदवा. इतक्या दिवसांनी पैसे कुठे अडवता येण्याची आशा कमी आहे, पण तो तक्रार नंबर बँकेच्या अर्जावर आला की अर्ज ड्रॉवरमध्ये पडून राहत नाही.

नियमाप्रमाणे कळवल्यापासून १० कामाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. ती तात्पुरती जमा आहे, खर्च करू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करायची, फी लागत नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन होते.

आणि आता कळेल की मी खातं बंद करू नका का म्हणते. तक्रार चालू असताना खातंच नाही तर जमा कुठे करणार? लाडकी बहीणचे पैसे याच आधार जोडलेल्या खात्यात येतात, ते नव्या खात्याला जोडेपर्यंत हप्ता लटकतो. शिवाय अंगठा आणि आधार तेच राहणार, बँक बदलली म्हणून तो धोका जात नाही. तो बंद करायचा तर आधारची बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याची ओळख, लॉक करा, आधारच्या सरकारी ॲपमधून मुलगा करून देईल, आधारला मोबाइल जोडलेला असला पाहिजे, अडलं तर आधारच्या १९४७ या हेल्पलाइनला विचारा. रेशन दुकानात अंगठा द्यायचा असेल त्या दिवशी थोडा वेळ उघडायचं, तेवढी कटकट आहे. बँकेलाही लेखी द्या की या खात्यावर एईपीएस नको.

मोबाइल नंबर मात्र लगेच बदला, तुमचा स्वतःचा लावा. बटनाचा फोन आहे म्हणून मुलाचा दिला असं लिहिलंय, पण एसएमएस बटनाच्या फोनवरही येतो की. माझ्या आईच्या खात्यालाही बरीच वर्षं माझा नंबर होता आणि तिच्या खात्यातून एका कंपनीचा हप्ता अकरा महिने जात होता, मेसेज मला येत होते आणि मी उघडलेच नव्हते. त्याचं वाईट अजून वाटतं मला.

पतसंस्थेचं सांगते. सगळ्या वाईट नसतात, काही फार नेकीने चालतात. पण बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा संस्थेचं, ५ लाखांचं विमा संरक्षण आहे, सहकारी बँकेतल्या सुद्धा, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. दहा हजार गेले म्हणून जीव तुटतोय तुमचा, आणि त्या भीतीने पावणेआठ लाख विमा नसलेल्या जागी न्यायचे, हा सौदा मला पटत नाही. दिरांच्या शब्दासाठी ठेवायचेच तर तीस-चाळीस हजार ठेवा, बुडाले तरी घर हलणार नाही एवढेच.

दिरांचं एक बरोबर आहे, एवढी रक्कम बचत खात्यात अडीच-तीन टक्क्यांवर अशी उघडी पडायला नको होती. ६ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत टाका, सध्या ७.४ टक्के, महिन्याला ३,७०० हातात येतील, मुदत ५ वर्षं. पहिल्या वर्षात पैसे काढता येत नाहीत, नंतर थोडं कापून मिळतात, हे ध्यानात ठेवूनच टाका. १ लाख २० हजारांच्या ४०-४० च्या तीन एफडी करा म्हणजे दवाखान्याला एक मोडली तरी दोन शाबूत. उरलेले ६० हजार या खात्यात. आणि अंगठ्यासाठी, यूपीआयसाठी वेगळं छोटं खातं उघडा ज्यात पाच-सात हजारांवर कधी नको, तक्रारीचा निकाल लागला की लाडकी बहीणचे पैसेही तिकडे वळवा.

पण पोस्टात जायचं ते पुढच्या आठवड्यात. उद्या शनिवारी बँक उघडल्या उघडल्या अर्ज, यजमानांना बरोबर न्या, आणि पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठवा, आवक नंबर आणि तारीख दोन्ही दिसतील असा.