जुने हाय-फाय स्पीकर फोम फाटलेला असताना घ्यावेत का?

नौपाड्यातल्या जुन्या घरातून ऐंशीच्या दशकातली जोडी मिळतेय, पण दोन्ही वूफरच्या (बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कडेचा फोम फाटलाय, असं तुम्ही लिहिलंय. घ्या बिनधास्त, फक्त तोच फोम दाखवून भाव पाडा. आपल्या दमट हवेत फोम जातोच, बोट लावलं की चिकट भुगा हाताला येतो. नवी रिंग बसवता येते.

खरी भीती कॉइलची, म्हणजे कोनला (पुढच्या शंकूला) मागून जोडलेल्या तारेच्या वेटोळ्याची. कोनवर दोन्ही हातांची बोटं समोरासमोर ठेवून हलकेच सरळ आत दाबा. खरखर ऐकू आली तर कॉइल घासतेय. मग तारा सोडवून मल्टिमीटर लावा: ८ ओहमचा वूफर साधारण ६ दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलेली आहे, नाद सोडा. ट्विटरही (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) वाजवून बघाच, मूळचा सहसा मिळत नाही. पेट्या चिपबोर्डच्या असतील तर खालची कड पाण्याने फुगलेली नाही ना, हेही बघा.

रिंग आणि कपॅसिटरसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चक्कर मारा. वूफर सोबत न्या, नुसत्या इंचांवर जाऊ नका. चिकटवायला फेविक्विक नको, सुकल्यावर लवचीक राहणारा गोंद हवा. क्रॉसओव्हरमधले (वूफर आणि ट्विटरला आवाज वाटून देणाऱ्या सर्किटमधले) जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलताना तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, पण नॉन-पोलरच (प्लस-मायनस नसलेले) घ्या. शेवटी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, प्लस लाल टोकाला. दोन्ही कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. उलटसुलट हलले तर एकाच्या तारा बदला, नाहीतर बास गायब.