वाचक विचारतात : धानाचा मिथेन आणि कार्बनचा करारनामा

प्रश्न : गावातल्या शिबिरात सांगितलं, की धानाच्या बांधीतून मिथेन निघतो आणि पृथ्वी तापते. मग दोन एकरांत खाण्यापुरतं पिकवणाराही दोषीच का? हेन्री श्यू नावाचे अभ्यासक याबद्दल काय म्हणतात?
– शिक्षक, लाखांदूर तालुका, जि. भंडारा

उत्तर : मिथेन निघतो, यात खोटं काही नाही. बांधीत पाणी साचून राहिलं की मातीत प्राणवायू उरत नाही. तिथले जिवाणू कुजक्या काडीकचऱ्यातून मिथेन तयार करतात आणि तो मुख्यतः धानाच्या रोपातूनच हवेत जातो. पण वायू निघणं वेगळं, दोष लागणं वेगळं. अमेरिकी राजकीय तत्त्वज्ञ श्यू यांनी १९९३ मध्ये जगण्यापुरतं उत्सर्जन (म्हणजे हवेत वायू सोडणं) आणि चैनीचं उत्सर्जन अशी फोड केली. एकाची चैन टिकावी म्हणून दुसऱ्याला पोटाला चिमटा घ्यायला सांगणं हा अन्याय, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी १९९१ मध्ये दिल्लीच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनीही हाच मुद्दा मांडला होता. भारताला मोठ्या प्रदूषक देशांच्या पंगतीत बसवणाऱ्या एका अमेरिकी संस्थेच्या अहवालाला ते उत्तर होतं. शिबिरात बहुधा हेही राहून गेलं असेल : मिथेन हवेत साधारण १२ वर्षं टिकतो, कोळशाच्या कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग शेकडो वर्षं.

प्रश्न : एक कंपनी उन्हाळी धानाला पाणी तोडून-तोडून द्यायला सांगते आणि कार्बन क्रेडिटचे पैसे देऊ म्हणते. सही करावी का?
– शेतकरी, अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया

उत्तर : पद्धत चांगली आहे, बांधी मधूनमधून सुकली की मिथेन कमी निघतो. कार्बन क्रेडिट म्हणजे अशा बचतीचं विकता येणारं प्रमाणपत्र. करारनामा मात्र तपासून घ्या.

पाणी किती खाली उतरलं हे पाहायला ३० सेंमी लांब, १० ते १५ सेंमी रुंद प्लास्टिक पाइप घ्या. खालच्या अर्ध्या भागाला चहूबाजूंनी भोकं पाडा, तेवढा भाग मातीत गाडा आणि आतली माती काढून टाका. पाइपातलं आणि बांधीतलं पाणी एकाच पातळीला आलं नाही, तर भोकं बुजली आहेत असं समजा. रोवणीनंतर एक-दोन आठवड्यांनी सुरुवात करा. निंदण जास्त असेल तर आणखी थांबा. पाइपातलं पाणी जमिनीखाली १५ सेंमीपर्यंत उतरलं की पुन्हा ५ सेंमी भरा. फुलोऱ्याच्या आधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर बांधी कोरडी पडू देऊ नका, नाहीतर दाणा पोचट राहतो. युरिया पाणी भरण्याच्या अगदी आधी द्या. ओल्या-कोरड्या जमिनीत तो जास्त झाला, तर नायट्रस ऑक्साइड हा पृथ्वी तापवणारा दुसरा वायू निघतो आणि मिथेनमध्ये कमावलेलं तिथे जातं.

खरी अडचण पाण्याच्या पाळीची. स्वतःची बोअर असेल तर ठीक. पण कालव्यावर किंवा मामा (जुन्या मालगुजारी) तलावावर अवलंबून असाल, बांधी सुकली आणि पाळी लांबली, तर नुकसान कोणाचं? श्यू यांची कसोटी इथेच लावायची. ज्यांनी जास्त बिघडवलं आणि ज्यांची ऐपत आहे त्यांनी जास्त भार उचलावा, आणि किमान जगण्याला कोणी हात लावू नये. उत्पन्न घटलं तर कंपनी भरून देईल, हे कलम नसेल तर सगळी जोखीम तुमच्या माथी आणि क्रेडिट दुसऱ्याच्या खात्यात. अशा करारावर आम्ही सही करा म्हणणार नाही.

बाकी हे विचारा : क्रेडिट कोणाच्या नावावर? पैसे अंदाजावर की मोजणीनंतर? मोजणीचा खर्च कोणाच्या वाट्यातून कापणार? मुदत किती, मध्येच बाहेर पडता येतं का? मराठी प्रत घरी नेऊन वाचल्याशिवाय सातबारा हाती देऊ नका. शिवाय आशा फार वाढवू नका. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडइतकी बचत, आणि एका हंगामात एकरी ढोबळमानाने अर्धा ते एक टनच वाचतो.

प्रश्न : अवकाळीने कापूस गेला. श्रीमंत देशांकडून भरपाई मागता येते म्हणतात, अर्ज कुठे करायचा?
– वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : शेतकऱ्याला थेट अर्ज करता येत नाही. हवामान बदलाची झळ बसलेल्या देशांसाठी हानी-नुकसान निधी उभारायचं २०२२ मध्ये इजिप्तच्या हवामान परिषदेत ठरलं आणि २०२३ मध्ये दुबईत तो कार्यान्वित झाला. त्यात देशांनी पैसे घालणं ऐच्छिक आहे. २०१५ च्या पॅरिस हवामान करारासोबतच्या निर्णयातच लिहून ठेवलंय, की हानी-नुकसानीच्या कलमावरून कायदेशीर भरपाई मागता येणार नाही. न्यायाची भाषा तिथेच अडली. तुम्ही तूर्त तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, आणि पीकविमा असेल तर त्यात हा धोका समाविष्ट आहे का ते पाहून नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्या.