नुसतं चाचपून मणका कितवा ते कळतं का?

प्रश्न: माझं सिझेरियन झालं तेव्हा भूलतज्ज्ञांनी मला बसवून पुढे वाकायला लावलं, कमरेला दोन्हीकडून दाबून बघितलं, मधे खूण केली आणि सुई दिली. एक्स-रे नाही, सोनोग्राफी नाही. सुई मज्जारज्जूला लागली असती तर?

उत्तर: आधी स्वतःच करून बघा. भांडायला उभं राहतो ना, तसे कमरेवर हात ठेवा, बोटं पुढे, अंगठे मागे. हाताखाली हाडाची कड लागेल, तिचा सगळ्यात उंच भाग दोन्हीकडून पकडा आणि अंगठे आडवे सरळ पाठीच्या मध्यावर न्या. ते भेटतात तिथे साधारण कमरेचा चौथा मणका नाहीतर चौथ्या-पाचव्यामधली फट असते. डॉक्टर हेच करत होते. टफिए नावाच्या फ्रेंच सर्जनवरून या आडव्या रेषेला टफिए रेषा म्हणतात.

आता भीतीचं. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू बहुतेक वेळा कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्याखाली नसांचा घोड्याच्या शेपटीसारखा झुबका पाण्यात लोंबत असतो आणि सुई आली की त्या नसा बहुधा बाजूला सरकतात. म्हणून स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यात सुईने दिलेली भूल, खालीच देतात. नवजात बाळात मज्जारज्जू तिसऱ्या मणक्यापर्यंत येतो, तिथे अजून खाली जावं लागतं.

पण खरं सांगायचं तर हाताचा अंदाज चुकतो, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा बराच. २००० साली छापून आलेल्या एका अभ्यासात १०० पेशंटच्या पाठीवर खूण करून भूलतज्ज्ञांना फट ओळखायला लावली आणि एमआरआयशी ताडून पाहिलं, तर बरोबर निघालं फक्त २९ टक्के, आणि ५१ टक्के वेळा खरी जागा त्यांनी सांगितल्यापेक्षा एक फट वर होती! म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधली फट समजून टोचतोय ती दुसऱ्या-तिसऱ्यामधली असू शकते. लठ्ठपणात हाडाच्या कडेवर चरबी असते त्यामुळे हात वरच टेकतो, गरोदरपणात कमरेचा बाक वाढतो म्हणून रेषा अजून वर सरकते. त्यामुळे शंका असेल तर वरची फट सोडून खालची घ्यायची, हे मला तरी सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. सोनोग्राफीवर माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडापासून फटी वर मोजत येता येतं, पाठ अवघड असेल तिथे ते वापरतात.

पुढच्या वेळी भूल घ्यायची असेल तर पाठीचं ऑपरेशन झालंय किंवा कणा वाकडा आहे हे आधीच सांगा, कारण तिथे या खुणा फारशा कामाच्या राहत नाहीत.