आधी जिभेला विचार

मावशी,

आम्ही घोडबंदर रोडला, वाघबीळजवळ राहतो. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत, इंग्रजी माध्यम. मुलगा चार वर्षांचा. रोज रात्री झोपताना मुलांना मराठी पुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचं असं दिवाळीत ठरवलं आणि एका प्रदर्शनातून एकदम साडेचार हजारांची पुस्तकं आणली. संस्कारकथांचा संच, थोरांची चरित्रं, जाडजूड पंचतंत्र. मुलगी दोन पानांनंतर म्हणते, "मम्मा, बोअर होतंय." मुलाला रोज एकच पुस्तक लागतं, लेकीकडून भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीचं. त्याचं एक पानही हरवलंय, तरी तेच. नवरा ऐरोलीहून कापूरबावडीचा ट्रॅफिक झेलत साडेनऊला घरी पोचतो. तो म्हणतो, मला मराठी वाचायला जमत नाही, अडखळतो. आणि सासूबाई (कराडच्या आहेत) मी वाचत असताना मधेच तोंड घालतात, "कोल्हा असं कुटं बोलतोय व्हय!" म्हणतात आणि स्वतःचंच काहीतरी सांगायला लागतात. मुलं लगेच त्यांच्याकडे. परवा मी पुस्तक आपटलं आणि दिवा घालवला. धाकटा रडत झोपला. कुठली पुस्तकं घेऊ? यादी दिलीत तरी चालेल.

– वाघबीळची एक आई

अगं,

यादी देते, पण जरा दम धर. आधी धाकट्याचं बघ. अजून सांगितलं नसशील तर उद्या सकाळी दूध पिताना त्याला एवढंच सांग, की आई दमली होती, तुझा राग नव्हता आला. चार वर्षांच्या मुलाला तेवढं पुरतं. आपल्यालाच पुरत नाही.

आपटलेलं पुस्तक कुठलं ते तू लिहिलं नाहीस, पण ते संस्कारकथांच्या संचातलं होतं यावर मी पैज लावायला तयार आहे. भोपळ्याचं फाटकं पुस्तक कोणी आपटत नाही.

तू सगळी पुस्तकं मुलांच्या भल्यासाठी घेतलीस. वाचायची कोणी, हे मात्र खरेदीच्या वेळी तुझ्या डोक्यातच आलं नाही. मोठ्याने वाचायच्या पुस्तकाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे वाचणारा. ऐकणाऱ्याचा नंबर त्यानंतर. दिवसभर राबून, ओटा आवरून तू पलंगावर टेकतेस, आणि हातात येतं काय? हे बघ, मीच रचलेलं वाक्य आहे, पण तुझ्या संचात याची भावंडं नक्की सापडतील: "एका घनदाट अरण्यामध्ये एक अत्यंत धूर्त असा कोल्हा वास्तव्य करीत होता." वाच बरं मोठ्याने. "अत्यंत धूर्त असा"पाशीच दम लागतो. आता हे वाच: "कोल्ह्याला भूक लागली होती. सकाळपासून पोटात नुसतं पाणी." इथे तुझा आवाज आपोआप खाली येईल, "नुसतं"वर थोडा रेंगाळेल, आणि काही न ठरवता तू कोल्हा झालेली असशील. पहिल्या वाक्यात कोल्हा होताच येत नाही. फार तर शाळा तपासायला आलेले साहेब होता येतं.

म्हणून दुकानात चित्रं, किंमत, वयोगट बघून झालं की मधलं कुठलंही एक पान उघडायचं आणि तिथेच उभं राहून पुटपुटत वाचायचं. लोक बघतात, बघू देत. जीभ तीनदा अडखळली तर पुस्तक परत मांडणीवर. संवाद आहेत का बघ. दोन माणसं बोलत असली की दोन आवाज काढता येतात. एखादी ओळ फिरून फिरून येते का बघ, कारण ती ओळ मुलं तुझ्या हातून काढून घेतात. तुझा धाकटा रोज भोपळाच का मागतो असं तुला वाटतं? "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" ही ओळ त्याची आहे. तिथे पोचेपर्यंतचं सगळं तो तुझ्यासाठी सहन करतो. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, उघडून बघू न देणारे संच मात्र घेऊच नकोस. पान न चाळता पुस्तक घेणं म्हणजे वास न घेता खरबूज घेणं.

एक बारकी गोष्ट, जी कोणी सांगत नाही. पुष्कळ मराठी पुस्तकं अजून लेखी भाषेत छापली जातात. "झाले", "गेले", "त्याने सांगितले की". आपण घरात असं बोलतो का? "झालं, गेलं, सांगितलं" म्हणतो. मग वाचतानाही तेच म्हणायचं. छापलेलं "तिचे डोके दुखू लागले" असलं तरी तू "तिचं डोकं दुखायला लागलं" वाच. दोन-तीन दिवसांत जमतं, डोळ्यांना एक दिसतं आणि तोंडातून दुसरं येतं. तुझी मुलगी मराठी ऐकते ती घरात आणि सोसायटीत. तिला "झाले-गेले" परकं वाटतं आणि ती त्या परकेपणाला "बोअर" म्हणते. आठ वर्षांच्या मुलीकडे त्यासाठी दुसरा शब्द कुठून असणार?

आणि गोष्टीच्या शेवटचं तात्पर्य वाचायचं नाही. सरळ पान उलटायचं.

मी काही हे जन्मतः शिकून आले नाही. माझा नातू खारघरला राहतो. तो सात वर्षांचा असताना मी माझ्या लहानपणी पारायणं केलेलं एक पुस्तक मोठ्या हौसेने घेऊन गेले. पहिल्या पानावर आला बंब. "आजी, बंब म्हणजे?" समजावलं. मग आली पडवी. मग शिकवणीचे मास्तर, मग तार. तार म्हणजे वायर ना, मग ती पोस्टमन कशाला आणेल? तिसऱ्या पानापर्यंत गोष्ट बाजूला राहिली आणि मी शब्दकोश झाले. तो हळूच उठून लेगोकडे गेला. मी चक्क रुसले, साठीच्या बाईने रुसावं तशी. पुढच्या मे महिन्यात कोकणात एका नातेवाइकांकडे तांब्याचा बंब अजून चालू होता. पहाटे त्याला तिथे नेलं, त्याने स्वतः खाली चिपाडं सारली, वरून पाणी ओतलं, नळाखाली हात धरला. दुपारी आमरस खाताना म्हणाला, "आजी, ते बंबवालं पुस्तक कुठंय?" तेव्हा आपलं आवडतं पुस्तक पुढे करायची घाई करू नकोस. आधी त्यातली एखादी वस्तू मुलांना कुठेतरी भेटू दे. तुम्हाला तर खिडकीतून येऊरचे डोंगर दिसत असतील आणि तिथल्या बिबट्याच्या बातम्या सोसायटीच्या ग्रुपवर येत असतील. बिबट्याच्या गोष्टीला तुझ्या घरात आधीच जागा तयार आहे.

आता नवरा. तो अडखळतो म्हणून वाचत नाही, हे मला खरं वाटतं. त्यात आळस कमी आणि लाज जास्त आहे. इंग्रजी शाळेत शिकलेल्या माणसाला जोडाक्षरं समोर आली की घाम फुटतो, त्यातून बायको शेजारच्या उशीवरून ऐकत असेल तर विचारूच नको. तू त्या वेळी खोलीत थांबू नकोस. आणि त्याला कथा देऊ नकोस, कविता दे. कवितेला ताल असतो, तो वाचणाऱ्याला उचलून पुढे नेतो. अडखळलं तरी पुढच्या यमकावर पाय टेकतात. विंदा करंदीकर ज्ञानपीठवाले गंभीर कवी म्हणून आपल्याला माहीत असतात, पण त्यांनी मुलांसाठी केवढ्या चावट, वात्रट, भुताखेतांच्या कविता लिहून ठेवल्यात! 'एटू लोकांचा देश' घे, पिशीमावशीची भुतावळ घे. भुताचा आवाज काढायला बाबा लागतातच, आईला ते काम शोभत नाही असं मुलांचं मत असतं. मोठीला बाबाच्या शेजारी बसव. एखाद्या जोडाक्षरावर दोघं एकदम अडतील तेव्हा जी खसखस पिकेल, तिची तू जाडजूड पंचतंत्राशी तुलना कर.

शिवाय हे रात्रीच व्हायला हवं असं कोणी सांगितलं? कापूरबावडीहून सुटून आलेल्या माणसाला जेवू दे. रविवारी पोह्यांनंतर वीस मिनिटं, किंवा उपवनला गेलात तर तळ्याकाठी बसून. रोज अर्धा तास ठरवलेलं आठवड्यात मोडतं. रविवारचं टिकतं.

सासूबाईंबद्दल मला तुझ्यापेक्षा वेगळं दिसतंय. तू लिहिलंस की त्या मधेच तोंड घालतात. अगं, त्या तुझी सुटका करतायत. "कोल्हा असं कुटं बोलतोय" ही मी आजवर ऐकलेली सगळ्यात नेमकी पुस्तक-परीक्षा आहे. माझी वरची एवढी लांबण त्यांनी एका वाक्यात सांगितली. पुढच्या वेळी पुस्तक मिटून विचार, "मग कसं बोलतो, आई?" आणि ऐक. ऐकताना तुझ्यातली आई जरा बाजूला ठेव, वाचणारी होऊन ऐक, त्या कुठे थांबतात, कुठे हळू होतात ते. दुसऱ्या दिवशी तुझ्या वाचनात ते उतरेल. कराडकडची बोली मुलांच्या कानावर पडल्याने त्यांचं मराठी बिघडेल अशी धास्ती असेल तर ती सोड. उलट ज्या पुस्तकांत अशी बोली येते, ती वाचायची वेळ आली की तुमच्या घरात ती वाचणारं माणूस आधीच हजर असेल. चुरस मात्र वाटते, ती मी समजू शकते. मुलं आपल्या मांडीवरून उठून दुसऱ्या मांडीवर गेली की टोचतंच. त्यावर औषध नाही माझ्याकडे.

मोठीसाठी. तिला इंग्रजी पुस्तकं आवडत असतील तर ती काढून घेऊ नकोस, नाहीतर मराठी ही शिक्षा होऊन बसेल. आपल्या हातात एक गोष्ट आहे: मुलांना स्वतः जेवढं वाचता येतं त्याच्या कितीतरी पुढचं कानाने कळतं. मराठी अक्षरं ती रडतखडत लावत असेल, पण गोष्ट मात्र तिच्या वयाची हवी, बाळबोध नको. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे काढ. फुरसुंगीचा हडकुळा बनेश, त्याच्या तोंडून निघणारं ते "ट्टॉक". हा आवाज डोळ्यांनी वाचून कळत नाही, जीभ टाळूला लावून काढावाच लागतो. पहिल्या दिवशी तो आवाज तिच्याकडे सोपव, बाकी तू वाच. काही शब्द जुने वाटतील, ते ओलांडून जा, थांबून समजावू नकोस. आणि उत्सुकता ताणली जाईल अशा जागी पुस्तक मिटायचं. "आई, अजून एक पान" असं तिने म्हटलं की समजायचं, गाडी रुळावर आली.

दोघांना एकदम एकच पुस्तक वाचायचा हट्ट सोड. आधी धाकट्याचं, तो झोपला की मोठीला जादा दहा मिनिटं. मोठं असण्याचा काहीतरी फायदा तिलाही मिळू दे.

धाकट्यासाठी माधुरी पुरंदऱ्यांचं 'राधाचं घर' बघ, ज्योत्स्ना प्रकाशनाचं. छोटी राधा घरातल्या माणसांबद्दल सांगते. वाक्यं आपण बोलतो तशी, चित्रं अशी की वाचून झाल्यावर मूल बोट ठेवून स्वतःच्या घरातलं सांगायला लागतं. नॅशनल बुक ट्रस्टच्या 'नेहरू बाल पुस्तकालय' या मालेतली पातळ पुस्तकं स्वस्त असतात. फाटली तर जीव जळत नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, एका अंकात कविता, कथा, कोडी सगळं असल्याने ज्या दिवशी दोघांचंही पटत नाही त्या दिवशी तेच कामी येतं. फुकटात हवं असेल तर प्रथम बुक्सची स्टोरीवीवर ही वेबसाइट आहे, २०१५ पासून चालू, मराठीतही पुष्कळ गोष्टी आणि अवघडपणाच्या पातळ्या दिलेल्या. तिथे भाषांतर कोणालाही करता येतं, त्यामुळे काही झकास आहेत आणि काही वाचताना दातात खडा येतो. निवडून घे. फोनवर वाचताना व्हॉट्सॲप टुणकन वर येतं, तेवढं बंद कर.

नवीन पुस्तकं इतक्यात विकत आणू नकोस. तू ठाण्यात राहतेस, तुमचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे, आणि आपण प्रदर्शनात साडेचार हजार मोजतो! सभासद हो. मुलांना बरोबर ने, पुस्तकं त्यांना काढू दे, चुकीची काढली तरी. एखादं पुस्तक घरी येऊन परत गेलं आणि मुलांनी तिसऱ्यांदा "तेच आणूया" म्हटलं, की मग ते विकत घ्यायचं. त्या कपाटातल्या संचाचं म्हणशील तर चरित्रं दोन-तीन वर्षं वर ठेव, त्यांची वेळ येईल. पंचतंत्र सासूबाईंना दे. त्या चाळतील, नाकं मुरडतील आणि त्यातल्या चार गोष्टी नीट करून सांगतील.

राहिलं ते भोपळ्याचं हरवलेलं पान. तू ते पान आपल्या मनाने घाईघाईत सांगून टाकत असशील, मीही तेच केलं असतं. उद्या तिथे पोचलीस की गप्प राहा. मोकळ्या जागेवर बोट ठेव आणि त्याला विचार, इथे काय होतं रे?

– मावशी