थंड टोपी घालून केमो : वाचकांचे प्रश्न

या वेळी एकाच विषयावरची पत्रं एकत्र घेतली आहेत. केमोचं, म्हणजे कर्करोगावरच्या केमोथेरपीचं, औषध चालू असताना डोकं गार ठेवलं तर केस वाचतात का, आणि वाचवायचे तर नेमकं काय करावं लागतं?

प्रश्न : आईला स्तनाच्या कर्करोगासाठी केमो सुरू होणार आहे. आधी दर 21 दिवसांनी एक असे 4 डोस, मग दर आठवड्याला एक असे 12. हॉस्पिटलमध्ये डोकं गार ठेवायचं मशीन आहे. त्यानं केस खरंच राहतात का? (एक मुलगी, मिरज)

राहतात, पण सगळ्यांचे राहत नाहीत. कोणाचे राहतील हे सगळ्यात आधी औषधावर ठरतं. म्हणून मशीनची चौकशी करण्याआधी डॉक्टरांकडून औषधांची नावं कागदावर लिहून घ्या.

केसाच्या मुळाशी पेशी फार भराभर वाढतात. डोक्यावरच्या दहातल्या जवळपास नऊ केसांची मुळं कुठल्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. केमोचं औषध वाढत्या पेशींवरच घाव घालतं, त्यामुळे कर्करोगाबरोबर केसही सापडतात. मशीनला जोडलेल्या टोपीतून थंडगार द्रव खेळवला की डोक्याची त्वचा 20 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. रक्तवाहिन्या आकसतात आणि मुळांपर्यंत औषध कमी पोचतं. शिवाय गारठलेल्या पेशींचं काम मंदावतं, म्हणून जे औषध पोचतं तेही कमी घेतलं जातं. रक्तात औषध जोरावर असतं तेवढा वेळ ही थंडी टिकवायची, एवढंच सगळं तंत्र आहे.

मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये याची रीतसर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. टोपी घातलेल्या स्त्रियांपैकी 56 टक्के जणींचे केस राहिले. टोपी न घातलेल्या 17 जणींपैकी एकीचेही राहिले नाहीत. अमेरिकेत 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका चाचणीत आकडा 50 टक्क्यांच्या थोडा वर होता. इथे ‘राहिले’ याचा अर्थ नीट समजून घ्या. निम्मे किंवा त्याहून कमी केस गेले आणि विग लागला नाही, तर टोपी यशस्वी झाली असं धरतात. केस विरळ होणारच. वेणीचा पेड बारीक होईल, भांग रुंद दिसेल. हे आईला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, म्हणजे कंगव्यात केस दिसले की ती खचणार नाही.

तुम्ही लिहिलेल्या क्रमावरून पहिले 4 डोस बहुधा डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड या जोडीचे असावेत. डॉक्सोरुबिसिन म्हणजे ते लाल औषध. टोपीची खरी कसोटी याच जोडीपुढे लागते आणि इथे यश कमी मिळतं. नंतरचे 12 डोस पॅक्लिटॅक्सेलचे असतील तर त्यात टोपी चांगलं काम करते. आईचा क्रम अवघड आहे, पण म्हणून प्रयत्न फुकट जातो असं मुळीच नाही. टाटामध्येच दिसलं की टोपी घातलेल्यांचे केस केमो संपल्यावर लवकर परत येतात. मात्र केसांसाठी औषध बदलून मागू नका.

खर्च दर डोसामागे लागतो की सगळ्या डोसांचा मिळून, ते आधी विचारा. विमा असेल तर कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. आणि हॉस्पिटलमध्ये आईच्या मापाची टोपी आहे का, हेही पाहा. हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण सगळा खेळ मापाचा आहे.

प्रश्न : माझे केस कमरेपर्यंत आहेत, दाट आहेत आणि लहानपणापासून रोज खोबरेल लावते. पॅक्लिटॅक्सेल ठरलं आहे. केमोच्या दिवशी काय करायचं ते सविस्तर सांगा. (एक शिक्षिका, म्हापसा)

आदल्या दिवशी सौम्य शांपूनं, कोमट पाण्यानं केस धुवा. त्यानंतर तेल लावू नका. तेलकट केसांवर पाणी ठरत नाही, आणि केस नीट ओले झाल्याशिवाय थंडी मुळांपर्यंत पोचत नाही. कोरड्या केसांत हवा अडकते, आणि हवा हीच थंडीची सगळ्यात मोठी अडवणूक आहे.

केस कापायलाच हवेत असं नाही. पण कमरेपर्यंतच्या केसांचं वजन मुळांवर येतं आणि गळालेले केस त्यात गुंततात. खांद्यापर्यंत आणले तर पुढचे सगळे महिने सोपे जातील. फार दाट असतील तर थोडे विरळ करून घ्या.

डे-केअरमध्ये, म्हणजे केमो देतात त्या कक्षात, गेल्यावर कुड्या, पिना, टिकली, चष्मा काढून ठेवा. सिस्टर फवाऱ्याच्या बाटलीनं केस ओले करतील. केस ओलसर हवेत, पाणी निथळायला नको. त्यावर थोडं साधं कंडिशनर मुळांपासून हलक्या हातानं फिरवायचं, म्हणजे टोपी नीट बसते आणि काढताना केस चिकटत नाहीत. मग रुंद दातांच्या कंगव्यानं केस कपाळावरून मागे वळवून सपाट करायचे. अंबाडा किंवा वेणी टोपीखाली अजिबात नको. ती टोपीला उचलून धरते, आणि जिथे टोपी उचलली गेली तिथलेच केस जातात. लांब केस मागून मोकळे बाहेर सोडा. कपाळावर केसांच्या रेषेलगत गॉजची पट्टी आणि कानांवर गॉज ठेवा, म्हणजे थंडी थेट चावत नाही. पट्टी केसांच्या रेषेवर चढू देऊ नका, नाहीतर पुढचे केस उघडे पडतात.

टोपी घातल्यावर वरून घट्ट आवरण येतं आणि हनुवटीखाली पट्टा. आता टाळूवर, कानशिलांजवळ आणि मानेच्या वर तळहातानं दाबून बघायला सांगा. मशीन सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी डोळे मिटून स्वतः तपासा: डोक्याला सगळीकडे सारखं गार लागतंय का? जिथे लागत नाही तिथे फट आहे. लगेच सांगा, संकोच करू नका. औषध सुरू झाल्यावर ती फट दुरुस्त करायला उशीर झालेला असतो.

पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात कठीण. बर्फाचा गोळा घाईनं खाल्ल्यावर कपाळात कळ येते, तशी कळ येते. मग डोकं बधिर होतं आणि सोसवतं. डॉक्टरांना विचारून अर्धा तास आधी पॅरासिटामॉल घेता येते. पण गोळी घेण्याआधी ताप मोजा, कारण ती ताप झाकते. ताप 100.4 फॅरेनहाइट किंवा जास्त भरला तर गोळी न घेता आधी डॉक्टरांना कळवा. अंगात पुढून उघडणारा स्वेटर, पायात मोजे, वर शाल आणि थर्मासमध्ये गरम चहा ठेवा.

आता वेळेचं गणित. औषधाच्या किमान 30 मिनिटं आधी टोपी सुरू व्हायला हवी. तुमचे केस दाट आहेत, तेव्हा 45 मिनिटं मागून घ्या. पॅक्लिटॅक्सेलच्या आधी ॲलर्जीची इंजेक्शनं देतात, तोच वेळ यात बसवता येतो, फक्त सिस्टरना आल्या आल्या सांगून ठेवा. औषध चालू असेपर्यंत टोपी चालू. औषध संपल्यावरही ती ठेवायची असते, कारण औषध अजून रक्तात असतं. हा शेवटचा वेळ औषधाप्रमाणे बदलतो. लाल औषधाला साधारण 90 मिनिटं. डोसेटॅक्सेल या केमोच्या दुसऱ्या औषधासाठी मात्र नेदरलँड्समधल्या अभ्यासांत 90 वरून 45 आणि मग 20 मिनिटांवर येऊनही केस तेवढेच राहिले. तुमच्या औषधाला किती, हे युनिटच्या तक्त्यात असतं. तो आकडा तुम्हीही लक्षात ठेवा.

बाथरूमला जायचं झालं तर नळी मशीनपासून सुटते, टोपी डोक्यावरच राहते. दहा मिनिटांच्या आत परत जोडायची. शेवटी मशीन बंद झाल्यावर टोपी लगेच ओढू नका. केसांवर बर्फाचा पापुद्रा धरलेला असतो, ओढलं की बर्फाबरोबर केस येतात. पाच ते दहा मिनिटं थांबा, टोपी सैल झाली की पुढून मागे हळूच उचला. घरी जाताना सुती रुमाल बांधा. कंडिशनर कोमट पाण्यानं धुवून टाका.

प्रश्न : दुसऱ्या डोसानंतर टाळूवर रुपयाएवढी चकती रिकामी झाली आणि न्हाताना मूठभर केस आले. टोपी सोडून देऊ का? (एक वाचक, नाशिक)

सोडू नका. टोपी घातली तरी काही केस गळतात, आणि ते पहिल्या डोसानंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या डोसाच्या दरम्यान गळती सगळ्यात जोरात असते. याच टप्प्यावर अनेक जणी हाय खातात. आधीच्या डोसात टिकलेल्या मुळांना पुढच्या डोसात परत संरक्षण लागतं, आणि नवे उगवणारे केसही टोपीखालीच वाचतात.

टाळूवर एकाच जागी चकती पडली, तर तिथे टोपी टेकली नव्हती असं समजा. टाळू हीच फट पडण्याची ठरलेली जागा आहे. टोपी एक माप मोठी होती, किंवा पट्टा पुरेसा ओढला नव्हता. पुढच्या वेळी सिस्टरना ती जागा बोट ठेवून दाखवा, एक माप लहान टोपी घालून बघा. केस सगळ्या डोक्यावरून सारखे जात असतील, तर मात्र कारण वेगळं: औषधाचा जोर, किंवा आधीची 30 मिनिटं पूर्ण न होणं. फार्मसीतून औषध लवकर आलं की गर्दीच्या दिवशी सलाईन लगेच लावलं जातं. घड्याळ बघून वेळ टिपून ठेवायला बरोबरच्या माणसाला सांगा.

मूठभर केस एकदम आले, कारण ते आठवडाभर साठले होते. गळतील या भीतीनं विंचरणं बंद केलं की गळालेले केस राहिलेल्या केसांत अडकतात, जटा होतात, आणि सोडवताना चांगले केसही उपटले जातात. रोज एकदा, टोकांपासून वर सरकत, हलक्या हातानं विंचरा.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या जवळपास मशीन नाही. फ्रीझरमधल्या बर्फाच्या पिशव्या बायकोच्या डोक्याला बांधल्या तर? (एक वाचक, अंबाजोगाई)

तुमची तळमळ कळते, पण हे करू नका. 1970च्या दशकात डॉक्टरांनी सुरुवात बर्फानंच केली होती. अडचण अशी की बर्फ वितळत जातो, थंडी एकसारखी राहत नाही, आणि पिशवी टेकते तिथली त्वचा मात्र भाजल्यासारखी होते. जेलच्या कोल्ड कॅप परदेशात वापरतात, पण त्या कोरड्या बर्फात उणे 30 अंशांच्या आसपास गारठवून, दर 20 ते 30 मिनिटांनी बदलतात. त्यासाठी शिकलेलं माणूस लागतं, नाहीतर हिमदाह होतो. म्हणूनच मशीन आलं. इंग्लंडमध्ये हडर्सफील्डच्या पॅक्समन कुटुंबाचा धंदा बीअर थंड करणाऱ्या यंत्रांचा होता. घरातल्या बाईचे केस केमोत गेले, तेव्हा त्यांनी तेच तंत्र टोपीत आणलं आणि 1997 मध्ये पहिलं मशीन तिथल्या हॉस्पिटलला दिलं. नळीतून द्रव फिरता राहतो, म्हणून थंडी शेवटपर्यंत सारखी राहते.

मशीन नसेल तर केमोच्या आधीच केस बारीक कापून घ्या आणि त्या केसांच्या रंगावर, वळणावर विग निवडा. केस गेल्यावर जुळवणं कठीण जातं. केस परत येतात, हे वहिनींना आजच सांगा.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, डोक्यात औषध पोचलं नाही तर कर्करोग तिथेच लपून बसेल. (एक वाचक, पुणे)

शंका रास्त आहे, डॉक्टरांनाही ती होती. म्हणून 3,000हून जास्त स्तन-कर्करोगग्रस्त स्त्रियांची माहिती एकत्र करून तपासली गेली. डोक्याच्या त्वचेत कर्करोग पसरण्याचं प्रमाण टोपी घातलेल्यांत 0.61 टक्के आणि न घातलेल्यांत 0.41 टक्के निघालं. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला आहे. सासूबाईंना हेही सांगा की टोपी फक्त डोक्याची त्वचा गार करते, मेंदू नाही.

पण रक्ताच्या कर्करोगात, म्हणजे ल्युकेमिया किंवा लिंफोमात, टोपी देत नाहीत. तिथे रोगाच्या पेशी रक्तातून कुठेही असू शकतात. थंडीनं अंगावर गांधी उठणाऱ्यांना, कोल्ड ॲग्लुटिनिन किंवा क्रायोग्लोब्युलिनचा विकार (यात थंडीनं रक्तातल्या पेशी किंवा प्रथिनं एकत्र गोळा होतात) असणाऱ्यांना आणि मेंदूला रेडिएशन घेणाऱ्यांनाही नको. ऑक्झॅलिप्लॅटिन चालू असेल तर थंडीनं हातपाय, घसा झिणझिणतो, म्हणून तिथेही डॉक्टर नको म्हणतात. अर्धशिशीचा जुना त्रास असेल तर आधी सांगा.

प्रश्न : केमो महिनाभरापूर्वी संपली, केस बऱ्यापैकी राहिले. मेंदी कधी लावू? (एक वाचक, ठाणे)

शेवटच्या डोसापासून किमान 12 आठवडे थांबा. तोवर आठवड्यातून दोनदाच, कोमट पाण्यानं धुणं. ड्रायर, इस्त्री, घट्ट बुचडा नको. मेंदीचा दाट लेप वाळून चिकटतो आणि काढताना चोळावा लागतो, म्हणून साधी मेंदीही घाईनं नको. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळते त्यात रासायनिक रंग असतो, तिच्यानं खाज आणि फोड येऊ शकतात. ती तर टाळाच. शिकेकाईची भरड सध्या बाजूला ठेवा. भुवया आणि पापण्या गेल्या असतील तर दचकू नका, टोपी तिथे पोचतच नाही. त्याही परत येतात. डोक्यावर मधूनमधून बोटभर लांबीचे ताठ केस उभे राहतील ते नवे आहेत, ते कापून सारखे करू नका.