पेशीविज्ञान आणि रेणवीय जीवशास्त्र: विद्यार्थ्यांचे प्रश्न

प्रश्न: नीटमध्ये हवे तेवढे गुण मिळाले नाहीत. पेशी, डीएनए हे विषय मनापासून आवडतात. बी.एस्सी.ला बायोटेक्नॉलॉजी घेऊ, मायक्रोबायोलॉजी की झूऑलॉजी? (बारावी, लातूर)

विषयाच्या नावावर अडून राहू नकोस, आधी प्रयोगशाळा बघून ये. प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजात जा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ. मायक्रोपिपेट, म्हणजे थेंबाहूनही कमी द्रव मोजून घ्यायचं साधन, स्वतःच्या हातात किती वेळा आली? डीएनएचे तुकडे आकाराप्रमाणे वेगळे करणारं जेल तुम्ही चालवलंत, की सरांनी लांबून दाखवलं? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून जे कळेल ते माहितीपत्रकातून कळणार नाही. माझा कल मायक्रोबायोलॉजीकडे आहे. निर्जंतुक पद्धतीने काम करायची सवय तिथे पहिल्या वर्षापासून लागते आणि पुढे पेशीसंवर्धनात तीच उपयोगी पडते. पण तुझ्या गावात बायोटेकची प्रयोगशाळा उत्तम चालत असेल, तर तिथेच जा. जोडीला रसायनशास्त्र मात्र ठेवच. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रमही बघून ठेव. त्याची प्रवेशपरीक्षा वेगळी असते आणि तिच्यात गणितही येतं.

प्रश्न: मॉलेक्युलर बायोलॉजी पाठ करतो. पेपर झाला की आठवड्यात सगळं विसरतो. काय चुकतंय? (बी.एस्सी. दुसरे वर्ष, सांगली)

तू निष्कर्ष पाठ करतो आहेस, पण ते कुणी, कसे काढले हे वाचत नाहीस. ‘डीएनएची प्रत निघताना प्रत्येक नव्या रेणूत एक जुना आणि एक नवा धागा असतो’ हे वाक्य घे. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दोन धाग्यांची रचना मांडली, तेव्हा ही फक्त एक शक्यता होती. जुना रेणू अख्खा तसाच राहून शेजारी पूर्ण नवा तयार होत असेल, किंवा जुन्या-नव्याचे तुकडे सगळीकडे मिसळत असतील, असंही शक्य होतं. मग मेसेलसन आणि स्टाल यांनी ई. कोलाय जिवाणू अनेक पिढ्या जड नायट्रोजनवर वाढवले. त्यांचा सगळा डीएनए जड झाला. नंतर ते साध्या नायट्रोजनवर आणले आणि ठरावीक वेळाने डीएनए काढून सीझियम क्लोराइडच्या द्रावणात अतिवेगाने फिरवला. अशा फिरवण्यात जड डीएनए खाली आणि हलका वर असे त्याचे वेगवेगळे पट्टे होतात.

आता पुस्तक मिटून विचार कर. एका पिढीनंतर एकच पट्टा दिसला, जड आणि हलक्याच्या बरोबर मध्ये. कोणती शक्यता बाद झाली? जुना रेणू अख्खा राहण्याची, कारण तसं असतं तर एक जड आणि एक हलका असे दोन पट्टे दिसले असते. दुसऱ्या पिढीनंतर दोन पट्टे आले, एक मधला आणि एक हलका. तुकडे मिसळत असते तर पट्टा एकच राहून थोडा हलक्याकडे सरकला असता, म्हणून तीही शक्यता गेली. हा निकाल १९५८ साली प्रसिद्ध झाला. तिसऱ्या पिढीनंतर मधल्या पट्ट्यात किती डीएनए उरेल, हे कागदावर स्वतः काढ. पाव आला तर तुला हा धडा समजला, आणि असा समजलेला धडा विसरत नाही.

आनुवंशिकतेचा पदार्थ डीएनएच आहे हे ज्यांतून उलगडत गेलं, ते ग्रिफिथचा १९२८ चा आणि हर्शी-चेस यांचा १९५२ चा हे प्रयोग याच पद्धतीने वाच. वहीत प्रत्येक विधानापुढे ‘हे कसं कळलं?’ असं लिही. उत्तर लिहिता येत नसेल, तो भाग झाला असं समजू नकोस.

प्रश्न: गणितापासून सुटका व्हावी म्हणून जीवशास्त्र घेतलं. चालेल ना? (प्रथम वर्ष, चिपळूण)

नाही चालणार. प्रयोगशाळेत नेहमी लागणाऱ्या ट्रिस या रसायनाचा रेणुभार १२१.१४. एक मोलरचं (म्हणजे लिटरला रेणुभाराइतके ग्रॅम) ५०० मिली द्रावण करायचं तर ६०.५७ ग्रॅम लागेल, हे पहिल्याच आठवड्यात यायला हवं. आणि थेट ५०० मिली पाण्यात घालायचं नाही. आधी थोड्या कमी पाण्यात विरघळवायचं, आम्ल घालून सामू जुळवायचा, गार झाल्यावर पुन्हा तपासायचा, कारण ट्रिसचा सामू तापमानाबरोबर बदलतो, आणि मग पाण्याने ५०० पर्यंत न्यायचं. रोज अशी दोन गणितं सोडव. भीती जाईल, मला खात्री आहे. पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ चं नोबेल मिळालेले वेंकी रामकृष्णन यांची पीएच.डी. भौतिकशास्त्रातली आहे.

प्रश्न: डिसर्टेशनमध्ये पीसीआर केला (डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत). ज्या नळीत डीएनए घातलाच नव्हता तिच्या लेनमध्येही, म्हणजे जेलवरच्या तिच्या रांगेत, डीएनएचा पट्टा (बँड) आला. मैत्रीण म्हणते, फोटोतून ती लेन कापून टाक. सबमिशन जवळ आलंय. (एम.एस्सी. दुसरे वर्ष, पुणे)

कापू नकोस. ती लेन तुझ्या सगळ्या जेलपेक्षा जास्त बोलते आहे.

आधी बँड कुठे आहे ते बघ. अगदी खाली, शंभर बेसच्याही आत, पसरट धुरकट असेल तर बहुधा प्रायमर, म्हणजे प्रत सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, एकमेकांना चिकटले आहेत. तुझ्या अपेक्षित आकारालाच असेल तर कुठून तरी डीएनए शिरला आहे. दर फेरीला दुप्पट या हिशोबाने ३० फेऱ्यांत एका रेणूचे कागदोपत्री १०७ कोटी होतात, त्यामुळे शिरायला फारसं काही लागत नाही. पाणी नवं घे आणि चालव. तरी आला तर प्रायमरची नवी नळी उघड, मग एन्झाइमची. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर दोषी कोण ते कळणारच नाही. पिपेट पुसून घे, फिल्टरच्या टिप वापर. सर्वांत महत्त्वाचं, जिथे जुन्या पीसीआरच्या नळ्या उघडतेस त्या टेबलावर नवा पीसीआर लावू नकोस.

आणि आजच गाईडना मूळ फोटो दाखव. ओरडा बसेल कदाचित. पण लेन कापलेला फोटो प्रबंधात गेला, तर त्यावर तुझी सही राहते, आणि पुढच्या वर्षी त्याच प्रायमरवर काम सुरू करणाऱ्या ज्युनिअरचे महिने वाया जातात. वेळ कमी पडला तर ‘हा निकाल ग्राह्य धरता आला नाही’ असं कारणासह लिही. परीक्षक म्हणून मी अशा पानाला चांगले गुण देते.

प्रश्न: मुलीला एम.एस्सी.नंतर पीएच.डी. करायची आहे. आम्हाला यातलं काही कळत नाही. खर्च किती, वर्षं किती? (पालक, नाशिक)

वर्षं पाच ते सहा धरा, हे आधीच स्पष्ट सांगते. पण खर्च तुमच्यावर पडायलाच हवा असं नाही. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. त्या परीक्षेच्या २०० पैकी १०० गुण ‘क’ भागाला आहेत आणि तो पाठांतरावर सुटत नाही. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी विद्यापीठांच्या स्वतःच्या परीक्षा असतात, शिवाय जॅम आणि गॅट-बी या राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा आहेत.

पीएच.डी. नको असेल तर लस आणि जैवऔषधांच्या कंपन्यांत गुणवत्ता तपासणी, उत्पादन अशी कामं असतात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हे तिलाही माहीत असू द्या. मात्र निर्णयापूर्वी तिला एक उन्हाळा खऱ्या प्रयोगशाळेत काढू द्या. तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप त्यासाठीच आहे, आणि अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी करावा लागतो. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारख्या संस्थांतल्या शास्त्रज्ञांना ती स्वतः ई-मेलही लिहू शकते. पत्र छोटं असावं, आणि ज्यांना लिहायचं त्यांचा निदान एक शोधनिबंध वाचून त्यातला एखादा खरा प्रश्न तिने विचारावा. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी पुन्हा लिहावं.